जिल्ह्याचा नकाशा कोणी फाडला?

बुलढाणा जिल्ह्यात रस्ता आखणारे खाते वेगळे, जमिनीचा वापर ठरवणारे खाते वेगळे. रेल्वे दिल्लीची, एसटी महामंडळाची, धरण पाटबंधारे खात्याचे, जंगल वनखात्याचे. प्रत्येकाच्या कपाटात आपापला नकाशा आहे. पण शेत, गाव, बाजार, शाळा, रस्ता आणि रूळ हे सारे एकत्र मांडून पुढच्या वीस वर्षांचा हिशेब केलेला एकही नकाशा या जिल्ह्याच्या जनतेसमोर आजवर आलेला नाही. तेरा तालुक्यांचा, साडेनऊ हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, २०११ च्या जनगणनेनुसार पंचवीस लाखांहून अधिक माणसांचा हा जिल्हा तुकड्यातुकड्यांनी वाटून घेतला गेला आहे. जिल्ह्याचा नकाशा या सर्व खात्यांनी मिळून फाडला, असा आमचा आरोप आहे आणि तो आम्ही पूर्ण जबाबदारीने करीत आहोत.

सिंदखेडराजा ते शेगाव या सुमारे १०९ किलोमीटरच्या ‘भक्ती महामार्गा’चे प्रकरण जिल्हा विसरलेला नाही. राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान आणि संत गजानन महाराजांचे समाधिस्थान जोडायचे म्हटल्यावर कोणाचे हात जोडले जाणार नाहीत? याच श्रद्धेचा आडोसा घेऊन पिकत्या वावरांतून रेघ ओढली गेली. ज्यांच्या धुऱ्यावरून ती गेली त्यांच्या कानावर बातमी आली तेव्हा आखणी होऊन चुकली होती. गावोगाव विरोध पेटला, शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे सरकारला माघार घ्यावी लागली. माघार घेतली म्हणून आम्ही सरकारचे अभिनंदन करणार नाही, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेलेच नाही. ही रेघ कागदावर आली कशी? सिंदखेडराजाहून शेगावला रोज किती माणसे जातात, कशाने जातात, वीस वर्षांनी किती जातील, याचा आकडा कोणापुढे ठेवला गेला? शेगावला येणारा भाविक मुंबई-हावडा लोहमार्गाने येतो, अकोल्याकडून येतो, खानदेशातून येतो, मराठवाड्यातून येतो. शेगाव-पंढरपूर पालखी मार्ग खामगाव, मेहकर, लोणार अशा गावांच्या वाटेने आहेच. असे असताना नवा महामार्ग कोणाची निकड भागवणार होता? आणि तो झाल्यावर त्याच्या दोन्ही अंगांना कोणती जमीन शेती राहणार होती, कोणती एनए होऊन ले-आउटमध्ये जाणार होती?

या प्रश्नांची उत्तरे देणारे शास्त्र आहे आणि ते जुने आहे. १९५९ मध्ये अमेरिकेत वॉल्टर हॅन्सेन यांनी दाखवून दिले की एखाद्या ठिकाणी पोहोचणे जितके सोपे होते, तितकी तिथे वस्ती उभी राहण्याची शक्यता वाढते. १९६४ मध्ये आयरा लोरी यांनी पिट्सबर्ग शहरासाठी असे गणिती प्रतिमान मांडले की ज्यात कामाच्या जागांच्या अंतरावरून घरे आणि घरांच्या अंतरावरून दुकाने आपापली जागा ठरवतात. त्यानंतरच्या साठ वर्षांत या विचाराची संगणकीय प्रतिमाने जगभर तयार झाली. त्यांचा गाभा कोणत्याही शेतकऱ्याला समजेल इतका सरळ आहे. रस्ता झाला की अंतर तुटते. अंतर तुटले की जमिनीचा भाव चढतो. भाव चढला की वापर बदलतो, कापसाच्या जागी प्लॉट, गोदाम, मंगल कार्यालय उभे राहते. वापर बदलला की नव्या फेऱ्या सुरू होतात, त्या फेऱ्यांनी रस्ता भरतो आणि अंतर पुन्हा वेळेच्या हिशेबात लांबते. हे चक्र एकदा फिरून थांबत नाही. म्हणून जमीन आणि वाहतूक यांचे गणित एकत्र, वर्षामागून वर्ष, पुढे नेत मांडावे लागते. रस्ता बांधला तर काय, न बांधता रेल्वे आणली तर काय, नुसत्या एसटीच्या फेऱ्या दुप्पट केल्या तर काय, असे पर्याय शेजारी शेजारी ठेवून मग निर्णय करायचा असतो. आमच्याकडे निर्णय आधी होतो. अभ्यास मागाहून होतो आणि तो झालेल्या निर्णयाचे समर्थन करण्यासाठी होतो.

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात पोर्टलंडजवळ असाच एक मोठा बाह्यवळण महामार्ग ठरत होता. तिथल्या एका नागरी संघटनेने १९९० च्या दशकात जमीन, वाहतूक आणि हवा यांचा एकत्रित अभ्यास करून घेतला आणि वस्ती रेल्वेच्या जवळ उभी केली तर काय होईल हे आकड्यांनिशी मांडले. महामार्ग मागे पडला. भक्ती महामार्गाच्या वाटेवरच्या चिखली-खामगावच्या शेतकऱ्यांजवळ असे प्रतिमान नव्हते. त्यांच्याजवळ फक्त आपला सातबारा होता आणि रस्त्यावर बसण्याची तयारी होती. नियोजनाचे काम करण्यासाठी पगार घेणारी यंत्रणा असताना पेरणीचे दिवस मोडून शेतकऱ्याने ते काम करायचे, ही या राज्याची लाज आहे.

आता समृद्धी महामार्गाकडे वळू. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, पन्नास हजार कोटींहून अधिक खर्च. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून आपल्या जिल्ह्यातला त्याचा सुमारे ८७ किलोमीटरचा टप्पा जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा जोडला गेला. जमिनीला रेडीरेकनरच्या पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला, हे आम्ही नाकारत नाही. पण या महामार्गाची कल्पना जनतेला विकताना जे वचन दिले होते ते नुसत्या रस्त्याचे नव्हते. महामार्गाच्या उतारांजवळ, म्हणजे इंटरचेंजपाशी, कृषी समृद्धी नवनगरे होतील, तिथे शेतमालावर प्रक्रिया होईल, गोदामे होतील, पोरांना गावाजवळ काम मिळेल, असे ते वचन होते. रस्ता आणि जमिनीचा वापर यांचा एकत्र विचार या महाराष्ट्रात निदान भाषणात तरी झाला तो इथेच. मेहकरजवळ साब्रा-फर्दापूर परिसर आणि सिंदखेडराजा तालुक्यात सावरगाव माळ परिसर अशी नावेही पुढे आली. रस्ते विकास महामंडळालाच नवनगर विकास प्राधिकरणाचे अधिकार दिले गेले.

आणि मग काय झाले? रस्ता पुरा झाला, नगरे कागदावर राहिली. गाडी ताशी १२० किलोमीटर वेगाने फर्दापूरवरून निघून जाते. ज्याने रान दिले त्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, त्याची दुचाकी, त्याची बैलगाडी त्या रस्त्यावर चढू शकत नाही. हा निर्बंध सुरक्षेसाठी योग्यच आहे, पण मग त्या शेतकऱ्याचा माल महामार्गापर्यंत पोहोचवणारा जोडरस्ता, उताराजवळचे संकलन केंद्र, शीतगृह हे आधी व्हायला हवे होते. ते न करता वर अधिसूचित क्षेत्रातल्या माणसाला बांधकामासाठी प्राधिकरणाच्या परवानगीत अडकवून ठेवायचे! नगर उभे करायचे नसेल तर अधिसूचना उठवा, आणि उभे करायचे असेल तर त्याचा हिशेब मांडा. इतक्या वर्षांत कोणते उद्योग, किती रोजगार, किती घरे, किती पाणी, कोणत्या गावांतून किती माणसे रोज येणार, एसटी कुठून फिरणार? बैल एकाने घ्यावा, औत दुसऱ्याने घ्यावे, दोघांनी एकमेकांना विचारू नये आणि पेरणीचा मुहूर्त मात्र तिसऱ्याने जाहीर करावा, असा हा कारभार आहे.

देऊळगावराजा आणि सिंदखेडराजा पट्ट्यात शेडनेटमध्ये बीजोत्पादन करणारे शेतकरी आहेत. त्यांचा व्यवहार जालन्याच्या बियाणे उद्योगाशी आहे. या पिकाला वेळेवर मजूर लागतात, शेजारच्या पिकापासून अंतर लागते, आणि रस्त्याकडेला सुटलेल्या प्लॉटिंगशी त्याचे उभे वैर आहे. महामार्गाच्या उतारापाशी जमिनीचा भाव चढला की या शेतीचे काय होईल, हा प्रश्न कोणत्या प्रकल्प अहवालात पानभर तरी मांडला गेला, हे रस्ते विकास महामंडळाने जाहीर सांगावे.

१ जुलै २०२३ ची मध्यरात्र या जिल्ह्याने पाहिली आहे. सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटली, पेटली आणि २५ माणसे जळून गेली. त्यानंतर चर्चा झाली ती चालकाची, टायरची, वेगाची, दुभाजकाची, बसच्या दाराची. ती चर्चा आवश्यक होती. पण त्या बसमध्ये शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याला निघालेली विदर्भाची तरुण पोरे होती, आणि या पोरांना रातोरात राज्याच्या दुसऱ्या टोकाला का जावे लागते, हा प्रश्न कोणत्याही चौकशीच्या कक्षेत आला नाही. काम एका टोकाला आणि माणूस दुसऱ्या टोकाला, ही जमिनीच्या वापराची विषमता आहे. तिची किंमत वाहतुकीत मोजली जाते आणि वाहतुकीत प्राण जातात. त्याच्याही आधी, २० ऑगस्ट २०२१ ला, याच महामार्गाच्या कामावरचे १३ मजूर याच तालुक्यात टिपर उलटून मेले. महामार्ग खुला झाला तेव्हा वाटेत विसाव्याच्या, इंधनाच्या पुरेशा जागाही नव्हत्या. चालकाने कुठे थांबावे आणि रस्त्याकाठच्या जमिनीवर काय असावे, हा एकच प्रश्न आहे. तो दोन खात्यांनी वाटून घेतला आणि दोघांनीही सोडून दिला.

बाह्यवळणांचे वेगळे काय सांगावे? गावातली गर्दी टाळायला बाहेरून रस्ता काढायचा, पाच वर्षांत त्याच्या दोन्ही अंगांना ढाबे, लॉन, शोरूम, प्लॉट बसू द्यायचे आणि मग पुन्हा नव्या बाह्यवळणाची मागणी करायची. ब्रिटनने रस्त्याच्या कडेकडेने पसरणारी ही वस्ती रोखायला १९३५ मध्ये कायदा केला होता. आमच्याकडे कायदे आहेत, पण रस्त्याकडेच्या अनधिकृत बांधकामाला पाठीशी घालणारे हात त्या कायद्यांपेक्षा लांब आहेत.

रेल्वेची कथा तर अंगावर काटा आणणारी आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ पर्यंत नागपूरला पोहोचला तो मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यातल्या कापसाच्या पट्ट्यातून. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला, केवळ कापसासाठी. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. पीक कुठे, बाजार कुठे, रूळ कुठे, हे तिन्ही एका हिशेबात बसवले गेले. तो हिशेब मँचेस्टरच्या गिरण्यांच्या लोभाचा होता, वऱ्हाडच्या कुणब्याच्या भल्याचा नव्हता, हे आम्ही ठणकावून सांगतो. पण परक्या राजवटीला आपल्या स्वार्थासाठी जे सुचले, ते आपल्याच माणसांच्या हितासाठी स्वतंत्र देशाच्या सरकारला सुचू नये? खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. सर्वेक्षणे झाली, पुन्हा झाली, निवडणुका आल्या की घोषणा झाल्या. चिखली, देऊळगावराजा यांना आजही रूळ नाही. खुद्द बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणे असूनही तिथे आगगाडी जात नाही. मलकापूरला उतरायचे आणि राजूर घाट चढायचा, हीच पिढ्यान्‌पिढ्यांची वाट. एकीकडे एका वर्षात महामार्गाची आखणी होते, दुसरीकडे एका शतकात लोहमार्ग होत नाही. या दोन्हींची एका तराजूत तुलना करणारा अभ्यास झाला असता तर हे असे राहिले असते का?

सातपुड्याच्या पायथ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. अकोला-खंडवा लोहमार्गाच्या रुंदीकरणात जुनी वाट मेळघाटच्या वाघांच्या जंगलातून जाते. तिला पर्याय म्हणून हिवरखेड, सोनाळा, जामोद अशा वस्तीच्या गावांवरून जाणारी वाट पुढे आली. जंगल वाचते आणि संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतल्या माणसांना रेल्वे मिळते. जमिनीवर काय आहे हे आधी पाहून वाहतूक ठरवली तर काय हाती लागते, याचा हा धडा आपल्याच जिल्ह्याच्या उंबरठ्यावर आहे. तोही पर्यावरणप्रेमींनी आणि स्थानिकांनी आवाज उठवल्यावर पुढे आला. खारपाणपट्ट्यातली माणसे, ज्यांना धड प्यायला गोड पाणी नाही, त्यांनी रेल्वेच्या आखणीतही स्वतःच स्वतःची वकिली करायची!

आणि पांदण रस्ते? वावरातून सोयाबीन काढून आणायचे तर चिखलात ट्रॅक्टर रुततो. ही या जिल्ह्याची सर्वात मोठी वाहतूक आहे: वावर ते गाव, गाव ते बाजार समिती. मुलगी आठवीनंतर शाळेत जाते की घरी बसते, हे एसटीच्या एका फेरीवर ठरते. जिगाव धरण प्रकल्पात उठणारी गावे नव्या गावठाणात बसवताना तिथून दवाखाना, शेत आणि बाजार किती लांब पडतो, यावर त्या कुटुंबांचे पुढचे आयुष्य ठरते. या फेऱ्या मोजणारा कोणी नाही, कारण त्यांवर टोल लागत नाही.

दोष कोणाचा, हे आता नाव घेऊन सांगायला हवे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १४ मध्ये प्रादेशिक योजनेत जमिनीचा वापर आणि रस्ते, रेल्वे यांचे जाळे दोन्ही असावेत असे लिहिले आहे. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्यांना जे कळले होते ते आजच्या राज्यकर्त्यांना कळत नाही, असे मानायला आम्ही तयार नाही. त्यांना कळते, पण ते करायचे नाही. त्याहून मोठी गोष्ट राज्यघटनेची. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३ झेडडी मध्ये जिल्हा नियोजन समितीला स्पष्ट काम दिले आहे: पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक हिताच्या बाबी, जागेचे नियोजन, पाण्याची वाटणी, पायाभूत सोयींचा एकात्मिक विकास आणि पर्यावरण रक्षण यांचा विचार करून संपूर्ण जिल्ह्याचा विकास आराखडा करायचा. समितीचे चार-पंचमांश सदस्य लोकांनी निवडून दिलेल्या जिल्हा परिषदेतून आणि नगरपालिकांतून यायचे. राज्याने त्यासाठी १९९८ मध्ये कायदाही केला.

आज ही समिती काय करते? पालकमंत्री अध्यक्षस्थानी बसतात आणि निधीची वाटणी होते. या रस्त्याला इतके, त्या सभागृहाला इतके, या आमदाराच्या गावाला इतके, त्या खासदाराच्या कामाला इतके. जागेचे नियोजन हा विषय तिथे पत्रिकेवर येतच नाही. आणि ज्यांनी तिथे जिल्ह्याचा आवाज व्हायचे ते निवडून आलेले सदस्यच वर्षानुवर्षे नव्हते. २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. लोकनियुक्त संस्था बंद ठेवून याच काळात महामार्ग आखले गेले, नवनगरे अधिसूचनांच्या फायलींत पडून राहिली, बाह्यवळणांभोवती प्लॉट पडत गेले. घटनेने दिलेला अधिकार बासनात बांधून ठेवणे हा आमच्या मते जनतेशी केलेला द्रोह आहे आणि या शब्दाला दुसरा सौम्य पर्याय आम्हाला सापडत नाही.

कोणी म्हणेल, ही प्रतिमाने लंडन-मुंबईसाठी असतात, बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला ती कशाला? उत्तर असे की महानगरातली गुंतागुंत इथे नाही, म्हणूनच इथे ते काम सोपे आहे. डग्लस ली यांनी १९७३ मध्येच अशा मोठ्या प्रतिमानांवर कडक टीका केली होती: माहिती फार लागते, खर्च फार होतो, आतले काही कोणाला कळत नाही. ती टीका खरी होती आणि तिचा बोध घ्यायलाच हवा. प्रतिमान लहान असावे, उघडे असावे, त्यातली गृहीतके मराठीत छापलेली असावीत. माहितीची तर आज वाण नाही. सातबारा ऑनलाइन आहे, २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे, बाजार समित्यांची आवक नोंदवली जाते, एसटीच्या तिकीट यंत्रात प्रत्येक फेरीचा प्रवासी मोजला जातो, टोलनाक्यावर प्रत्येक वाहन नोंदले जाते. जमीन वापराचे उपग्रह नकाशे करणारे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरात आहे. नगररचना कायदा देशात सर्वप्रथम १९१५ मध्ये मुंबई इलाख्याने केला, त्या परंपरेचा वारसा सांगणारा नगररचना विभाग राज्याकडे आहे. साधने आहेत, माणसे आहेत, कायदा आहे, घटना आहे. नाही ती फक्त इच्छा. कारण एकदा हिशेब उघड झाला की कोणाच्या जमिनीजवळून उतार काढला, कोणाच्या ले-आउटमुळे बाह्यवळण वाकले, हे जनतेला दिसेल.

म्हणून आमची मागणी पालकमंत्र्यांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि रस्ते विकास महामंडळाला एकाच वेळी आहे. जिल्हा नियोजन समितीने येत्या बैठकीत निधीवाटपाच्या आधी एक ठराव करावा: बुलढाणा जिल्ह्याच्या जमीन वापराचे आणि वाहतुकीचे एकत्रित प्रतिमान एका वर्षात तयार होईल, त्यात खामगाव-जालना रेल्वे, समृद्धीची नवनगरे, पांदण रस्ते आणि एसटी हे सारे पर्याय एकत्र मोजले जातील, आणि त्याचे निष्कर्ष गावच्या चावडीवर मराठीत लावले जातील. सावरगाव माळ आणि साब्रा-फर्दापूर परिसराचे काय करणार, याची तारीखवार कबुली त्याच बैठकीत द्यावी. भक्ती महामार्ग पुन्हा वेगळ्या नावाने आणण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो या हिशेबात उतरल्याशिवाय पुढे सरकता कामा नये.

आणि जिल्ह्यातल्या चौदाशेच्या आसपास गावांच्या ग्रामसभांनी आजच ठराव करून ठेवावेत: हा हिशेब समोर मांडल्याशिवाय आमच्या शिवारात नव्या महामार्गाच्या मोजणीला संमती नाही.